पंधरा दिवसांची गोळी

ताई : मोठं काही मागत नाहीये. रात्री शांत झोपतील असं एखादं लिहून दे, आम्ही निघतो. बाहेर माणसं तिष्ठतायत आणि तुझ्या त्या सिस्टर माझ्याकडे असं बघत होत्या, जशी काही मी रांग मोडूनच घुसलेय.

डॉक्टर : मोडूनच घुसलीयेस. डॉक्टरची बहीण आहेस, चालायचंच. भाऊजी, नीट टेकून बसा.

भाऊजी : बसलोय की.

डॉक्टर : झोप लागत नाही?

ताई : झोपेचं सोड, रात्रभर भिंतीवर मुंग्या दिसतात यांना. उठून टॉवेलनं पुसत बसतात. परवा तर पुसता पुसता कॉटवरून खाली आले. नशीब, हाड नाही मोडलं.

भाऊजी : मुंग्या नसतात ते मला कळतं. पण दिसतात.

डॉक्टर : सध्या काय काय चालू आहे? पिशवी ओत बघू टेबलावर. सगळी.

ताई : घे. सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. मला आता झोपेतसुद्धा पाठ आहेत.

डॉक्टर : या दहा झाल्या. तू अकरावी मागतेयस.

ताई : हौसेनं मागतेय का?

डॉक्टर : तसं नाही गं. ही कशाची?

ताई : भास होतात त्याची. मेंदूच्या डॉक्टरांनी दिलीय, दोन महिने झाले.

डॉक्टर : भास कधी सुरू झाले?

ताई : कंपाची गोळी वाढवली ना, त्यानंतर.

डॉक्टर : आणि ही मळमळीची?

ताई : कंपाच्या गोळीनं पोटात ढवळायचं म्हणून. ही पोट साफ व्हायची. ही पायाला सूज येते त्याची. ही...

डॉक्टर : थांब. कंप कधीपासून?

ताई : अडीच वर्षं होतील. चक्कर यायची, आठवतंय? त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. दुकानाच्या पाटीवर नाव रंगवताना उभी रेघ थरथरली म्हणून यांनी ब्रश खाली ठेवला, तो ठेवलाच.

डॉक्टर : ही पांढरी कोणाची?

ताई : ती तुझी. चक्करेची.

डॉक्टर : ही अजून चालू आहे?

ताई : बंद कर म्हणालास कधी?

डॉक्टर : ताई, मी पंधरा दिवसांची लिहिली होती.

ताई : संपली की रिकामं पाकीट दाखवायचं, औषधवाला दुसरं देतो. आणि मागच्या वर्षी तूच नाही का लिहिलंस, ‘आधीचं सगळं चालू ठेवा’? मी चालू ठेवलं. एक दिवस चुकवला नाही.

डॉक्टर : या गोळीनं हात थरथरू शकतो. सगळ्यांचा नाही. वय झालेल्या माणसानं महिनोन्‌महिने घेतली, तर.

ताई : म्हणजे काय?

डॉक्टर : म्हणजे भाऊजींना कंपवाताचा आजार बहुधा नाहीच.

ताई : नीट सांग. मला नीट सांग.

डॉक्टर : माझ्या गोळीनं कंप. कंपाला मेंदूच्या डॉक्टरांची गोळी. त्या गोळीनं मळमळ आणि भास, आणि त्यांना आणखी दोन.

ताई : अरे, मी चमच्यानं भरवते रे यांना. शर्टाची बटणं मी लावते. माणसांत बसायची लाज वाटते म्हणून लग्नाकार्याला जायचं सोडलं यांनी. अडीच वर्षं! आणि तू म्हणतोस, नाहीच?

भाऊजी : तेव्हा चष्मा नवा होता.

डॉक्टर : काय म्हणालात?

भाऊजी : दुहेरी काचेचा. शिडीवरून खाली बघितलं की पायरी जागेवर नसायची. त्यानं गरगरायचं. महिन्याभरात सवय झाली, थांबलं.

डॉक्टर : मग तेव्हा बोलला का नाहीत, भाऊजी?

भाऊजी : तू विचारलंस, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, ‘आठवडा झाला.’ पुढचं सांगणार, तर तू लिहायला लागला होतास.

ताई : एवढी घाई?

डॉक्टर : बाहेर आत्ता आहेत तितकीच माणसं तेव्हाही होती. विचारायला दहा मिनिटं लागतात, लिहायला अर्धं. आणि मी आधी म्हटलं होतं, ‘दोन आठवडे नुसतं बघू.’ तू काय म्हणालीस?

ताई : काय म्हणाले?

डॉक्टर : ‘बघायला मलाही डोळे आहेत. त्यासाठी भाऊ डॉक्टर कशाला हवा?’

ताई : म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

डॉक्टर : नाही. पेन माझ्या हातात होतं.

ताई : मग नाही म्हणायचंस! माझं काय, मी शंभर गोष्टी बोलते.

डॉक्टर : एकदा म्हटलं होतं नाही. एक आजोबा होते, साधा खोकला. औषध नको, चार दिवसांत जाईल, म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते हृदयविकारानं गेले. खोकल्याचा काही संबंध नव्हता. पण त्यांचा मुलगा इथे, या टेबलावर हात आपटून म्हणाला, ‘तुम्ही काहीच दिलं नाहीत.’ औषध देऊन बिघडलं तर लोक नशिबाला बोल लावतात, ताई. न देता बिघडलं तर डॉक्टरला.

ताई : ते तुझं दुखणं. त्याची गोळी यांनी का खायची? दे ती पिशवी. सगळ्या कचऱ्यात टाकते.

डॉक्टर : अजिबात नाही! माझी आजपासून बंद. पण कंपाची एकदम तोडली तर शरीर लाकडासारखं ताठ होईल, ताप चढेल. ती हळूहळू उतरवायची, आणि ती त्यांची आहे. थांब, फोन लावतो... हॅलो, सर, मी बोलतोय. हो, पाट्या रंगवणारे पेशंट, माझे मेव्हणे. सर, त्यांना चक्करेची गोळी अजून चालू आहे. हो, मीच दिलेली... नाही सर, तुमची चूक म्हणत नाहीये... बरोबर. बरोबर आहे. बरं, सर.

ताई : काय म्हणाले?

डॉक्टर : त्यांनी यादीत पाहिली होती. त्यांना वाटलं, घरचाच डॉक्टर आहे, विचार करूनच दिली असेल.

ताई : आणि तुला?

डॉक्टर : मला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर बघतायत, नको ती त्यांनी काढलीच असेल.

भाऊजी : दोघांनी एकमेकांवर सोडलं. मी मध्ये.

ताई : मग आता कमी करतायत ना त्यांची?

डॉक्टर : करतील. पण माझ्याकडून लेखी हवंय. चक्करेची गोळी मी सुरू केली, बंद करायची राहिली, कमी करायचा आग्रह माझा, काही झालं तर जबाबदारी माझी.

ताई : मग लिही की.

डॉक्टर : लिहितो.

ताई : कधी? पेन तर नुसतं धरून बसलायस.

डॉक्टर : उतरवताना भाऊजी पडले, काही झालं, तर हा एक कागद पुरे आहे. मला जन्मभर.

ताई : अस्सं. गोळी लिहायला अर्धं मिनिट लागलं आणि ती पुसायला तुला जन्म आठवतोय.

भाऊजी : अगं, असंच असतं. पाटी रंगवायला एक दिवस, खरवडायला तीन. जुना रंग लाकूड सोडत नाही. लिही रे तू. मी पडलो तर तुझ्यामुळे पडलो असं ही म्हणणार नाही. मीही नाही.

डॉक्टर : ...सही केली. तारीखही घातलीय. घे, ताई.

(अकरा आठवड्यांनंतर. तीच खोली.)

डॉक्टर : हात पुढे करा बघू, भाऊजी. बोटं पसरा... अरे वा.

ताई : वा म्हणायला काय जातंय! मधले पंधरा दिवस काय काढलेत ते मला विचार. कूस बदलता येत नव्हती. दोनदा वाटलं, गपचूप परत सुरू करावी.

डॉक्टर : केलीस का?

ताई : एकदा दिली. दुसऱ्या वेळी यांनी मुठीत धरून ठेवली, गिळली नाही.

डॉक्टर : भास?

भाऊजी : गेले. भिंत आता नुसती भिंत आहे.

डॉक्टर : किती उरल्यात?

ताई : तीन. मेंदूच्या डॉक्टरांनीच बाकीच्या काढल्या. तिसरीसुद्धा काढतो म्हणाले, पण ती हृदयाच्या डॉक्टरांची आहे म्हणे. ‘त्यांना विचारा,’ म्हणाले.

डॉक्टर : विचारतो. ब्रश धरलात का, भाऊजी?

भाऊजी : धरला. आडवी रेघ येते. उभी अजून जरा हलते. आणि कामही राहिलं नाही रे. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या छापील झाल्या तेवढ्यात.

डॉक्टर : भाऊजी, मी...

भाऊजी : नको बोलूस. बटणं मी लावलीत आज.

ताई : एक विचारू? आज आम्ही रांगेतून आलो, तासभर बसलो बाहेर. या दारातून निघालेल्या प्रत्येकाच्या हातात तुझा कागद होता. सगळ्यांना गरज होती?

डॉक्टर : नव्हती.

ताई : मग?

डॉक्टर : सकाळी एका बाईंना नाही दिलं. साधी सर्दी होती. दहा मिनिटं समजावलं. मान डोलावत होत्या. तासाभरानं खिडकीतून दिसल्या, समोरच्या दवाखान्यातून बाहेर पडत होत्या. हातात पिशवी होती औषधांची.

भाऊजी : येतील रे परत तुझ्याकडे.

डॉक्टर : नाही येणार, भाऊजी.