अहिंसक बाटली

…आणि वर मलाच म्हणतो, ‘आजी, बाटलीवर लिहिलंय की!’ लिहिलंय म्हणे! मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत लिहायचं आणि साठीच्या बाईनं वाचायचं? कोण काय विचारता, तो कोपऱ्यावरचा रोपं विकणारा हो! तुम्हाला सांगते, मी मुंगीसुद्धा मारलेली नाही... बरं, पूर्वी मारल्या असतील, साखरेच्या डब्यातल्या, पण नेम धरल्यावर नव्वद दिवस एक नाही! नात अपुऱ्या दिवसांची झाली, काचेच्या पेटीत एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, तेव्हा देवापुढे बोलले, ‘शंभर दिवस माझ्या हातून एक जीव जाणार नाही, तू हा एक जीव राख.’ राखला हो त्यानं! चार दिवसांत घरी यायची होती पोर.

आणि घरात हे डास! सुनेचा फोन, ‘आई, डॉक्टरांनी बजावलंय, डास चावता कामा नये, आणि धूरबीर तर अजिबात नको.’ आमच्या ह्यांनी लगेच ती चटचट वाजणारी बॅट आणली. मी कपाटात लपवली. ‘अगं, नेम तुझा, डासांनी कुठे धरलाय?’ मी म्हटलं, घर माझं, पाप माझ्याच माथी!

मग गेले त्या रोपवाल्याकडे. ‘हे घ्या आजी, झाडाच्या बियांचा अर्क. कुंड्यांच्या ताटल्यांत, पिंपात, साचलं पाणी दिसेल तिथे चार थेंब.’ ‘मरत नाहीत ना रे कुणी? नेम आहे माझा, जीव न मारण्याचा!’ ‘छे! नैसर्गिक आहे म्हटलं ना!’ झालं! मी भोळी, चारच्या जागी आठ थेंब टाकले, तेही थेंबागणिक देवाचं नाव घेत! दुसऱ्या दिवशी हे भिंग लावून वाचतात काय, ‘अळ्यांचा समूळ नाश!’ धावत पिंपाशी गेले. काल वळवळत होत्या बिचाऱ्या, आज सगळ्या निपचित! शेकडो हो! मुंगीसुद्धा न मारणारी मी, आणि नामस्मरणात कत्तल केली!

तशीच चपला सरकवून दुकानात. ‘झाडाचं म्हणालास ना?’ तर हसतो मेला! ‘आजी, झाडानं काय नेम धरलाय? किडे पानं खायला येतात, त्यांना मारायलाच ते विष बनवतं अंगात!’ म्हणजे झाडसुद्धा? अहो, मग माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? आणि नेम मोडला म्हणून माझ्या पोरीला काही झालं, तर हा भरून देणार आहे?

देवापुढे नाक घासलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दिवस पहिला! पोर आली, मच्छरदाणीत ठेवली, जीव नुसता टांगणीला. पंधरा दिवस झाले... अंगावर एक पुळी नाही! डास गेले कुठे, पत्ता नाही! सून म्हणते, ‘आई, काय केलंत हो? बंद नका करू हं, दर आठवड्याला टाका!’ मी देवाकडे बघते, देव माझ्याकडे बघतो... बोलायचं कुणी?

तर आता बाटली ह्यांच्या हातात. हे ओततात, मी पाठ फिरवून, डोळे मिटून, हात जोडून उभी. नेम म्हणजे नेम! तुम्हाला सांगते, मी मुंगीसुद्धा मारलेली नाही... फक्त काल तोंडातून निघून गेलं हो, ‘अहो, जिन्याखालची बादली राहिली!’