देवाला दाखवलेली फिल्म

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य विश्वजितराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती चारुशीला मॅडम, आणि जेवणाच्या वासाने अस्वस्थ झालेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी जोतीराम, मराठी शिकवतो. पदार्थविज्ञानाच्या मॅडमविषयी मी काय बोलणार? पण निवृत्त होता होता त्यांनी माझ्या घरातला एक माणूस परत आणून दिला. ते सांगितल्याशिवाय मी काही खाली बसत नाही.

औंधला माझी आत्या राहते, चंद्राबाई. ऐंशी ओलांडलेली. ती पोटात असताना तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लढाईवर गेले ते आलेच नाहीत. फोटो एकही नाही. तालमीच्या भिंतीवर कुणा दोस्ताने काजळीने काढलेलं त्यांचं चित्र, तेवढंच. मी कॉलेजात असताना उत्साही पोरांनी तालमीला तांबडा रंग फासला. झालं! आजोबा गेले रंगाखाली. आणि यंदा कळलं, तालीमच पाडणार. आत्या म्हणाली, "डोळं मिटलं तर आता बाचं त्वांड दिसत न्हाई रं." हे मी स्टाफरूममध्ये मॅडमना सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण तांबड्या रंगातून पार जातात, काजळीवर अडतात. बघू." साध्या डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच असते म्हणे. म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रिजमधला इन्फ्रारेड फिल्मचा शेवटचा रोल बाहेर निघाला. त्याच फ्रिजमध्ये आपल्यापैकी कुणीतरी ताक ठेवलं होतं, पण नावं नकोत.

ही फिल्म भलती नाजूक. रोलचं नुसतं शेपूट उजेडात आलं, तरी उजेड फिल्ममधूनच आत शिरतो आणि चित्र धुरकटतं. मॅडमनी गाडीत बजावलं, "काळी डबी अंधारातच उघडायची. कुलगुरू आले तरी नाही!"

बजावलं मला. आत्याला कोण सांगणार? रोल आत्याच्या घरी ठेवून आम्ही तालमीत कॅमेऱ्याची तिपाई लावायला गेलो आणि इकडे आत्यानं रीत पाळली. नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही. परतलो तर समई तेवतेय, यमाईच्या टाकापुढं डबीतून काढलेला रोल, आणि त्यावर हळदकुंकू!

दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता. मॅडमचा आवाज आपण भिंतीपलीकडूनही ऐकलाय. मी डोळेच मिटून घेतले. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आत्याबाई, शेपूट ओढलंत का?"

"न्हाई वो, कुकू लावलं नुसतं."

"मग बाहेरचे वेढे गेले. आतले वाचले असतील. वाकळ द्या."

आणि आपल्या विभागप्रमुख आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन वाकळा पांघरून बसल्या! कुंकू पुसून कॅमेऱ्यात रोल भरताना आतून दम येत होता, "दार उघडाल तर याद राखा!" मग लेन्सवर झाकण ठेवून अर्धा रोल तसाच पुढं सरकवला आणि उरलेल्यावर भिंत टिपली. आत्या मात्र उंबऱ्यात बसून राहिली. "माज्याच हातानं घालवला व्हय बाला?" असं म्हणत होती. मला तिच्याकडं बघवेना.

सांगलीला कॉलेजात परतल्यावर मॅडमनी फिल्म धुतली. सुरुवात काळीठिक्कर. पुढं काळेपणा विरळ होत गेला, आणि शेवटी शेवटी फेटा, मिशी, हसरे डोळे. हुश्श! इतकं मोकळं मला माझ्या पीएचडीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मॅडम खुर्चीत टेकल्या आणि चक्क रडल्या. हे सांगू नको म्हणाल्या होत्या, पण आता निवृत्त झाल्यावर त्या माझं काय करणार?

आत्यानं फोटो हातात घेतला, आधी डोक्यावर पदर ओढला. मग म्हणाली, "आगं बया, बा माज्या नातवाएवढाच हाय की!"

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. त्यांचे आभार आणि आपल्या सर्वांच्या भुकेची क्षमा. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आत्याचा निरोप तेवढा राहिला. काल फोनवर म्हणाली, "आता डोळं मिटलं की बा दिसतोय. मॅडमला सांग."

सांगितलं, मॅडम. नमस्कार.