सासूबाईंचा अमेरिकेचा पेपर

…आणि वर म्हणे, भाऊजी, तुम्हीच घ्या ना तिची परीक्षा, तुमचं ती ऐकते! ऐकते? अहो, प्रश्न ऐकण्याचा आहे का? प्रश्न उत्तराचा आहे! तुम्हाला सांगतो, हे असले मेहुणे न्यू जर्सीत बसून दुबईतल्या माणसाच्या गळ्यात धोंड बांधतात आणि फोन ठेवून खुशाल झोपायला जातात. हा मेहुणा माझा नव्हे हां, आमच्या शैलेंद्रचा. शैलेंद्र म्हणजे माझा शेजारी, सिलिकॉन ओएसिसला आम्ही एकाच मजल्यावर राहतो, दोघांची ऑफिसं देराला, आणि रोज येता-जाता मी त्याच्याच गाडीत असतो. म्हणजे मला अजून लायसन्स मिळालेलं नाही, पण तो वेगळा विषय आहे, त्यात नको शिरायला. सांगायचं काय, तर त्याच्या घरात जे काही होतं ते पहिल्या सिग्नलपर्यंत मला सगळं कळलेलं असतं.

तर त्याच्या सासूबाई, छायाबाई, मूळच्या पुण्याच्या. सासरे गेल्यावर मुलगा सुजीत त्यांना अमेरिकेला घेऊन गेला, ग्रीन कार्ड झालं, सगळं झालं, पण तिथली थंडी काही बाईंना मानवेना. म्हणून हिवाळा आला की त्या मुलीकडे, म्हणजे आमच्या अस्मितावहिनींकडे, दुबईला. आता ग्रीन कार्डवाल्याने असं फार दिवस बाहेर राहिलं की परत जाताना तिथला अधिकारी खोदून खोदून विचारतो, इतके दिवस कुठे होता, का होता. मागच्या खेपेला बाईंना उभं करून विचारलंन. सुजीत म्हणाला, खलास, आता आईला अमेरिकेची नागरिकच करून टाकायची! आणि त्यासाठी परीक्षा. तोंडी. अमेरिकेचा इतिहास आणि अमेरिकेचं नागरिकशास्त्र. पास झाली तर अमेरिकेचा पासपोर्ट, मग मुलीकडे हवी तेवढी राहा, कुणी विचारणार नाही. आणि नापास झाली, तर सुजीतने स्वच्छ सांगितलं, मग हे दुबई-बिबई बंद, थंडीत माझ्याकडेच बसायचं आणि परत अभ्यास करायचा.

म्हणजे बघा कसा गोंधळ… परीक्षा अमेरिकेची, विद्यार्थिनी पुण्याची, अभ्यास दुबईत, आणि मास्तर कोण, तर शैलेंद्र, ज्याला शाळेत नागरिकशास्त्राचे वीस मार्क म्हणजे ऑप्शनला टाकायचे मार्क वाटायचे! वहिनींनी का नाही घेतला अभ्यास? घेतला ना. एक संध्याकाळ घेतला. पहिल्याच प्रश्नाला मायलेकींचं असं वाजलं की दोघी दोन खोल्यांत जेवल्या. वहिनी म्हणाल्या, आता तूच बघ, तुझ्याशी ती भांडणार नाही. खरं आहे हो, भांडणार नाही. पण का नाही भांडणार? जावई आहे म्हणून! ज्या बाईने अधिक महिन्याचं वाण म्हणून न्यू जर्सीहून अनारसे स्वतःच्या हँडबॅगेतून आणले, ती म्हणजे डब्याला धक्का लागेल म्हणून मांडीवर घेऊन बसली विमानात… जी अजून त्याला 'शैलेंद्रराव' म्हणते आणि पहिलं ताट त्याचं वाढते… ती जावयाशी भांडेल का? आणि तिने भांडायचं नाही, तर मग आपण काय करायचं? आता सासूला चूक कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा!

पहिला दिवस. हा ऑफिसातून आला, चहा झाला, फोनवर प्रश्न काढले. बाई समोर सोफ्यावर ताठ बसलेल्या, चष्मा लावून. एक सांगायचं राहिलं, छायाबाई जन्मभर मुलींच्या शाळेत शिक्षिका. विषय कुठला, तर इतिहास आणि नागरिकशास्त्र! म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरावर लाल पेन चालवण्यात हयात गेलेली बाई. याने घाबरत घाबरत विचारलं, आई, अमेरिकेचा अध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात? बाई म्हणाल्या, पाच. झालं! उत्तर चार. फोनवर चार लिहिलेलं, ठळक अक्षरात, डोळ्यांसमोर. पण तोंडातून 'चूक' निघेना त्याच्या. घशापर्यंत आला तो शब्द, आणि तिथेच त्याला ते अनारसे आठवले. म्हणाला, बरोबर आई. एकदम बरोबर.

मी त्याला दुसऱ्या दिवशी गाडीत म्हटलं, अरे येड्या, चार म्हणायचं नाही का! तर म्हणतो, म्हणणार होतो रे, पण त्या इतक्या खात्रीने म्हणाल्या की मलाच वाटलं, चार इथे अबूधाबीत कशाला तरी असेल. अरे, अबूधाबीचा काय संबंध! पण माणूस गोंधळला की असंच होतं, त्याचं डोकं म्हणजे संध्याकाळचा देराचा चौक झालं होतं, सगळीकडून गाड्या घुसतायत आणि कुणी कुणाला जागा देत नाही.

आणि एकदा 'बरोबर' म्हटलं ना, की संपलं. दुसऱ्या दिवशी, कायदे कोण करतं? बाई म्हणाल्या, लोकसभा आणि राज्यसभा. हा म्हणाला, बरोबर. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन? पंधरा ऑगस्ट. बरोबर. राज्यघटना कुणी लिहिली? बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, बाबासाहेबांनी. आता मला सांगा, यात चूक म्हणायची कुणाची छाती आहे? मी असतो तर मीसुद्धा बरोबर म्हटलं असतं आणि वर हात जोडले असते! आणि बाई नुसतं उत्तर देऊन थांबत नाहीत हां, सविस्तर देतात. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. म्हणजे चूक पण किती, दहा मार्कांची! हा आपला मान डोलावतोय, डोलावतोय… आणि मनातल्या मनात मार्च महिना, म्हणजे बाईंची परीक्षेला परत जायची वेळ, जवळ येतोय.

त्यात घरात त्याची मुलगी, शुभ्रा. ती इथल्या अमेरिकन शाळेत. तिला हे सगळं शाळेतच शिकवतात, 'आवर फाउंडिंग फादर्स' वगैरे. शैलेंद्रला आधी तेच कळेना, म्हणजे आपले म्हणजे कुणाचे? आपण कुठे? आपण तर सिलिकॉन ओएसिस! तर ही पोरगी एकदा मधेच येऊन म्हणाली, "पापा, इट्स फोर. एव्हरीवन नोज इट्स फोर." शैलेंद्रने तिला अशी बाहेर काढली की विचारू नका, तेव्हापासून अभ्यासाच्या वेळी तिला खाली सायकल खेळायला पिटाळायला लागला. पोरगी विचारते, "बट व्हाय?" आता तिला काय सांगणार? आठ वर्षांच्या पोरीला इंग्रजीतून कसं समजावणार की बाळा, सासूला चूक कसं म्हणायचं!

मला हसू येत होतं, नाही म्हणत नाही. पण एकदा सिग्नलला उभे असताना तो एकदम म्हणाला, माझी आई मी शाळेत असतानाच गेली रे. लग्नानंतर कुणाला तरी परत आई म्हणायला मिळालं. मी संध्याकाळी घरी जातो तर त्या विचारतात, आज काय झालं ऑफिसात. कुणी विचारतं का तुला? त्यांना चूक म्हटलं आणि त्या दुखावल्या तर? आणि नाही म्हटलं आणि नापास झाल्या, तर पुढच्या हिवाळ्यात येणारच नाहीत. मग मी काय करू? तुम्हाला सांगतो, माझं हसू तिथेच गेलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

म्हणून मीच आयडिया काढली. म्हटलं, तुला जमत नाही ना, मग बाहेरचा माणूस आण. आमचा पॅट्रिक, वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. त्याला अमेरिकन अधिकारी करू, टाय लावून बसवू, तो म्हणेल चूक. त्याचं काय जातंय? आला बिचारा शुक्रवारी, टाय-बिय लावून, फाइल घेऊन. बाई समोर बसल्या. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. पॅट्रिकने विचारलं, आंटी, अमेरिकेत सिव्हिल वॉर कुणाकुणात झालं? बाईंनी चष्मा वर सरकवला, क्षणभर शैलेंद्रकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, मराठे आणि अब्दाली. पानिपत.

पानिपत! वहिनींनी तोंडाला ओढणी लावली. मी पॅट्रिकला डोळ्यांनी खुणावतोय, म्हण, म्हण चूक. आणि पॅट्रिक काय म्हणाला असेल? "एक्सलंट, मॅडम. एनीथिंग एल्स आय कॅन डू फॉर यू?" मी कपाळाला हात लावला. माझीच चूक हो! हॉटेलातला माणूस, त्याला गिऱ्हाइकाला चूक म्हणायची सवयच नाही. घ्या, वर बाईंनी त्याला जेवायला ठेवून घेतलं, पुरणपोळी वाढली, आणि तो बोटं चाटत म्हणतो, आंटी पक्क्या पास!

मग काय, दिवस गेले, मार्च आला. बाईंची बॅग भरली. शैलेंद्रने ठरवलं, एअरपोर्टवर सांगायचं. रात्रभर पाठ केलं होतं म्हणे, आई, अध्यक्ष चार वर्षांचा, पंधरा ऑगस्ट नाही, चार जुलै, आणि पानिपताचा विषयच काढू नका. ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेला. आणि तुम्हाला सांगतो, बाईंनीच विचारलं, "शैलेंद्रराव, माझं काही चुकत असेल तर आत्ताच सांगा हं." आयतं ताट वाढून दिलं! आणि हा काय म्हणाला? "छे हो आई, तुमची तयारी एकदम पक्की आहे." बाई हसल्या, शुभ्राचा मुका घेतला आणि आत गेल्या. हा तिथेच उभा, रिकामी ट्रॉली धरून. पार्किंगपर्यंत यायला तयार नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही ऑफिसातून घरी येत होतो. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. रस्ता तुंबलेला. शैलेंद्रचा चेहरा असा, की परीक्षा याचीच आहे. सारखा पुटपुटत होता, इन्शाल्ला सोपे प्रश्न येऊ देत, इन्शाल्ला पानिपत येऊ दे. आणि फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर सासूबाई.

"शैलेंद्रराव, पास झाले हो. एकसुद्धा चुकलं नाही."

याचा पाय ब्रेकवर. गाडी तशीही थांबलेलीच होती म्हणून वाचलो. म्हणाला, आई… पण… पानिपत? बाई म्हणाल्या, उत्तर आणि दक्षिण, असं सांगितलं. मी जन्मभर इतिहास शिकवलाय, शैलेंद्रराव, मला पानिपत कुठे झालं ते माहीत आहे. मग म्हणाल्या, त्या पहिल्या दिवशी मी पाच वर्षं म्हणाले ना, ते खरंच चुकलं होतं, आपल्याकडची सवय. तुम्ही बरोबर म्हणालात. मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं, तर चार. मग म्हटलं, बघू या, हा मुलगा मला कधी चूक म्हणतो ते. लोकसभा दिली, पंधरा ऑगस्ट दिला. पानिपताला तरी म्हणाल असं वाटलं होतं.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण ऐकायचं तर होतं आणि ऐकतोय असं दाखवायचं नव्हतं. बाईंचा आवाज जरा खाली आला. म्हणाल्या, "इथे सुजीत मला दिवसातून दहा वेळा 'आई, चूक' म्हणतो. राग येतो हो मला. पण त्याच्या घरात मी घरची आहे. तुमच्याकडे मी इतके हिवाळे आले, तुम्ही मला एकदाही चूक म्हटलं नाहीत. मी तिथे पाहुणीच आहे."

शैलेंद्रने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागून हॉर्न, पुढची गाडी केव्हाच गेलेली. शेवटी कसाबसा म्हणाला, "आई, माझं चुकलं."

"हं," बाई म्हणाल्या, "हे उत्तर बरोबर. पण एकूणात नापासच. ऑक्टोबरला बसवते तुम्हाला. तिकीट काढतेय."

आणि फोन बंद. आता शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदम, आणि मला विचारतो, म्हणजे त्या येतायत ना रे? येतायत ना? अरे येतायत बाबा, येतायत, पण आधी गाडी काढ, ते मागचे उतरून येतील आता!

म्हणजे झालं काय, अमेरिकेची परीक्षा सासूबाई पास, आणि ऑक्टोबरला राहिला जावई! ठीक आहे, चांगलंच झालं, गोड झालं. पण माझं काय? हा आता ऑक्टोबरची तयारी करतोय. कुणावर? माझ्यावर! रोज जाता-येता. मी म्हटलं आज उकडतंय, तर म्हणतो, चूक. मी म्हटलं डावीकडची लेन मोकळी आहे, तर चूक. काल नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं हो, तर म्हणाला, चूक, आणि वर विचारतो, बरं जमलं का रे, आवाजात दम आहे का? मी म्हटलं, आहे, एकदम बरोबर. अहो, नाहीतर काय म्हणणार? लायसन्स अजून माझं आलेलं नाही, गाडी त्याची आहे… आता त्याला चूक कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा!