मयत आवरल्यानंतरचा चहा

मी इथलीच. जुईनगरला स्टेशन झालं, टॉवर झाले, त्याच्या आधी जे गाव होतं त्यातली. आमची खाडीकडची भातशेती शहरात गेली, मग बा एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर कामाला लागला. मी नर्सिंगला जाते बोलले तेव्हा भावकीतले काका बाला बोलले, पोरीला लोकांचं हगनं-मुतनं काढायला पाठवतोस काय रं, तर बा बोलला, उद्या तुमचं काढायची पाळी आली का तीच येईल, गप बसा. असा आमचा बा. माझी जीभ त्याचीच हाय, म्हनून तर मेमो माझ्याच नावाने येतात.

हॉस्पिटलचं नाव नाय सांगत. खासगी हाय, खाली लॉबीत कॉफीचं दुकान हाय, वर मेडिकल वॉर्डात आमी सिस्टर लोक. वॉर्डात मानसं मरतात, हे लॉबीत बसून कळत नाय. मानूस गेला का डॉक्टर सांगून निघून जातो आनि मग उरते सिस्टर. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, नाकात कापूस, हातपाय सरळ बांधायचे, आनि हे सगळं कोनाचं, तर सकाळी जो आपल्याला बोलला, सिस्टर आज जरा बरं वाटतंय, त्याचं. तर आमच्या वॉर्डात एक पद्धत होती, मी लागायच्या आधीपासनं. जिने मयत आवरलं तिला बसवायचं. नर्सिंग स्टेशनच्या मागे खुर्ची, हातात चहा, आनि तो चहा संपेपर्यंत तिचे बेड शेजारचीने बघायचे. तिला कोनी काय विचारायचं नाय, सांगायचं नाय, रडली तरी रडू नको बोलायचं नाय. एवढंच. यात काय मोठं हाय, सांगा तुमी. आमच्या गावात मयताला आंघोळ घालनाऱ्या बाईला त्या दिवशी चुलीकडे जाऊ देत नायत, दुसरी कोनीतरी भात टाकते, तसंच हे.

मग नवीन मॅनेजर आला. हा पेशंटला गेस्ट बोलतो. गेस्ट मेला का त्याला काय बोलायचं ते मी अजून विचारलेलं नाय. त्याने कॅमेऱ्यात बघितलं, सिस्टर बसून चहा पितात, नातेवाईक समोरून जातात, इम्प्रेशन खराब होतं. खुर्ची उचलायला लावली. मेट्रन मॅडम स्वतः त्या खुर्चीत बसलेल्या, शिकाऊ होत्या तेव्हा, मला त्यांनीच सांगितलेलं, तरी त्यांनी ती उचलू दिली. मी विचारलं तर बोलल्या, दोन वर्षांनी रिटायर होतेय ग मी.

आता शबानाचं सांगते, कारन हे सगळं तिच्यामुळे सांगायला बसले. शबाना मुरुडकडची, कोकनी मुसलमान, सानपाड्याला तिघींत एक खोली घेऊन राहते. मला ताई बोलते. हाताला इतकी हलकी का म्हातारी मानसं सुई टोचायला तिचंच नाव घेतात. त्या दिवशी दुपारच्या ड्युटीत तिच्या बेडांवरचे दोघं गेले. एक बाई, आनि मागोमाग शबानाच्याच वयाचा एक पोरगा. दोघांचं तिनेच केलं आनि ग्लव्ज काढून तशीच पुढच्या बेडला उभी राहिली, कारन खुर्ची नाय, चहा नाय, आनि मला चार बेड पलीकडे सलाईन लावायची होती. पुढच्या बेडचे काका पानी मागत होते. परत मागितलं, परत मागितलं. ती बोलली, थांबा ना, मेलेल्यांचं पन करावं लागतं आमाला.

अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. वाईट बोलली, मी नाय म्हनत नाय. ती स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग पानी दिलं, पाया पडली, तर काका बोलले, पोरी, मी अजून हाय हां, नंबर लावलेला नाय. हसले पन. पन काकांची मुलगी हसली नाय, आनि तिचं तरी काय चुकलं, तिचा बाप होता तो. ती गेली तक्रार करायला.

मॅनेजरने काय केलं, तर कार्यशाळा ठेवली. आमच्या सुट्टीच्या वेळात. पडद्यावर लिहिलेलं, मनाचा ओलावा जपा. एक बाई आलेली शिकवायला, गोड होती, बोलली डोळे मिटा, श्वास घ्या, नदीकाठी बसलाय असं समजा. मला नदी नको होती हो, मला ती खुर्ची पायजे होती. नंतर सगळ्यांना पिवळा चेंडू दिला, हसरं तोंड काढलेला, टेन्शन आलं का दाबायचा. दोन्ही हातांत बेडपॅन असला का कशाने दाबायचा ते सांगितलं नाय.

आनि शेवटी मॅनेजर उठला, बोलला, शबानाला काही शेअर करायचंय. आधीच तिला केबिनमधे सांगून ठेवलेलं, सगळ्यांसमोर कबूल कर का माझ्यातली दया कमी पडली, नायतर काँट्रॅक्ट पुढे नाय. ती उठली. मी पन उठले, बोलले ती काय बोलनार नाय, तुमी खुर्ची का उचलली ते आधी तुमी बोला. तो बोलला, सिस्टर, निगेटिव्ह होऊ नका. शबाना माझ्याकडे न बघता बोलली, बस ग ताई. आनि बोलली ती. माझ्यातली दया कमी पडली, मी माफी मागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय सांगू तुमाला, ज्या पोरीच्या हातावर मानसं शांत जीव सोडतात तिच्याकडून हे वदवून घेतलं आनि टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी तिच्या बेडवरची एक आजी गेली. शबानाने सगळं नीट केलं, आनि नीट म्हंजे कसं, मशीनसारखं, आनि हात पुसत पुढच्या बेडकडे निघाली, तोंडावर ते हसू लावलेलं, कार्यशाळेत शिकवलेलं. मला ते हसू बघवेना. मी पेशंटच्या नातेवाईकांची प्लास्टिकची खुर्ची ओढली, मधोमध कॅमेऱ्याखाली ठेवली, तिला खांदे धरून बसवलं. बोलली, ताई, तो बघेल. बोलले, बघू दे. वॉर्डात झाडलोट करनाऱ्या मावशींनी चहा आनला. मॅनेजरच्या केबिनमधनं फोन आला, कोन बसलंय. बोलले शबाना बसलीय, तिचे बेड माझ्याकडं हायत, एक पन पेशंट सुटलेला नाय, येऊन बघा. कोनी आलं नाय. मेट्रन मॅडम दारापर्यंत आल्या, बघितलं, आनि मागे फिरल्या.

तेव्हापासनं कोनी गेलं का आमी तसंच करतो. मला मेमो मिळालेत, काँट्रॅक्ट माझं पन संपायला आलंय, ठेवतील का नाय माहीत नाय. शबाना अजून पहिल्यासारखी बोलत नाय.

तुमच्या घरची सगळी मानसं बरी राहू देत, आमच्याकडे यायची वेळ कोनावर न येवो. पन आलीच, आनि एखादी सिस्टर खुर्चीत चहा घेताना दिसली, तर तिला हाक मारू नका. माझ्याकडं या. काय पायजे ते मी देते.