पाहुण्यांसमोर कोरडी बाटली

सुधाताई कुणाला घाबरते का, असं विचारता ना? मग उत्तर प्रदेशातल्या बिजौलीतलं ऐका. तिथल्या एका छोट्या कारखान्यात ती केमिस्ट होती आणि मी तिच्या हाताखाली. तुरीच्या काड्यांपासून गॅस करायचा, तो कोबाल्टच्या दाण्यांवरून, म्हणजे कॅटॅलिस्टवरून न्यायचा आणि त्याचं डिझेलसारखं तेल करायचं, हे आमचं काम.

पहिल्याच चाचणीला कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, लखनौहून पाहुणे बोलावले. पाहुणे येऊन बसले, तरी यंत्राखालची तेलाची बाटली कोरडीच. सेठजी ताईच्या कानाशी आले. "मैडम, आँच बढ़ाइए."

"एकदम बढ़ाई तो कैटेलिस्ट जल जाएगा. फिर तेल कभी नहीं बनेगा."

"मेरी इज्जत का सवाल है!"

माझा हात आच वाढवायच्या बटणाकडे गेलाच होता. ताई मराठीत म्हणाली, "हात काढ." मी काढला.

पाहुणे चहा पिऊन, आपसांत हसत निघून गेले. सेठजी म्हणाले, "आपने मेरी नाक कटवा दी."

"पता है," ताई म्हणाली. आवाज कापत होता तिचा. नोकरी जाणार हे तिलाही कळत होतं, पण ती यंत्रापासून हलली नाही, रात्रभर आच हळूहळूच वाढवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत पहिला थेंब पडला, मग दुसरा. सेठजींनी पाहुण्यांना कळवायला मोबाईल काढला. थोडा वेळ थेंबांकडे बघत राहिले आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

"रहने दो," म्हणाले, "आज हम ही देख लेते हैं."