साहेबाच्या पाटीखालचा कोनाडा

ठमाबाई : ...“ठमे, कोनाड्यातली वात इझली, तर मला तोंड दावू नको.” सासू जाऊन लई वरसं झाली, पण आवाज अजून कानात हाय. आन् तुमी त्यो कोनाडाच बुजिवताय?

तेजस्विनी : आजी, कॅप्टन ट्रेंट यांच्या स्मरणाची ही पाटी आता विलायतेला त्यांच्या गावी चाललीय. त्यांच्या खापरपणतवाची इच्छा आहे. पाटी उतरवली की कोनाड्यासकट सगळी भिंत गिलावा करून द्यायची, असं पाद्रीसाहेबांशी ठरलंय.

भरत : मावशे, टेम्पो भायेर हुबा हाय. जुन्नरच्या चर्चातलं काहीतरी पयल्यांदा फॉरेनला निघालंय. पेढं वाटायचं सोडून रडती काय?

ठमाबाई : रडतंय कोन? न्या की पाटी. माझ्या बापाची हाय का?

भरत : घ्या! तू आडवी पडशील म्हणून मी दोन गडी जास्तीचं आनलं व्हतं.

तेजस्विनी : ज्याच्यापुढे जन्मभर दिवा लावलात, त्याचं काहीच वाटत नाही? ही बघा त्यांची वंशावळ, मीच जुळवली. बारा पिढ्या. वर सरदार, मधे आपले कॅप्टन, खाली लंडनचे वकील.

भरत : बारा! आमच्या डिंगोरे गावात तिसऱ्या पिढीलाच बांधावरनं भांडान लागतं. वर चढायला टाइम कुनाला हाय?

ठमाबाई : साहेब मेला कसा, ते हाय का त्यात?

तेजस्विनी : पाटीवरच आहे. “शत्रूच्या झुंडीशी एकट्याने झुंजताना वीरमरण.”

ठमाबाई : झुंड व्हती, ते खरं. लेण्याद्रीला बंदुकीचा बार काढला, तसं आग्यामोहोळ उठलं. माश्यांनी पार नदीपातूर पळिवला म्हनं.

भरत : ताई, लिवा की हे बी!

तेजस्विनी : ऐकीव गोष्टी वंशावळीत घालत नाहीत, भरतभाऊ. बाकी मजकूर पक्का आहे. पत्नी मेरी बाळंतपणात गेली. तान्हा आल्फ्रेड “केवळ देवाच्या कृपेने वाचला.” पुढचा सगळा वंश त्याचा.

ठमाबाई : कुनाच्या किरपेनं म्हनलात?

तेजस्विनी : देवाच्या.

ठमाबाई : असं व्हय.

(गडी पाटी उतरवून नेतात. गवंडी घमेलं घेऊन कोनाड्यापाशी येतो.)

ठमाबाई : थापी खाली ठिव रं बाबा. हात लावू नको तिथं.

भरत : अगं, साहेब चालला टेम्पोतनं. आता रिकाम्या भिंतीला दिवा दावती का?

ठमाबाई : साहेबाला म्या कवा दावला?

तेजस्विनी : मग इतकी वर्षं कुणाला?

ठमाबाई : सांगू नको म्हनून सासूनं शपथ घातली व्हती. जात्यावर बसली की तेवढं गायची :

साहेबाच्या पाळन्याला रेशमाची दोरी,
माझ्या तान्ह्याची झोळी बाभळीच्या फांदीवरी.

तेजस्विनी : कुणाची ओवी ही?

ठमाबाई : आमच्या घरातल्या बयाबाईची. मडम मेली तवा ती वली बाळंतीन व्हती. शिपाई येऊन तिला उचलून घेऊन गेलं, साहेबाच्या पोराला पाजायला. सोताच्या पोराला पाजायचं न्हाई, अशी ताकीद.

भरत : आन् तिचं लेकरू?

ठमाबाई : दुधावाचून गेलं. ह्या चर्चाचा पाया खंदत व्हते तवा, तिनं गुपचूप आनून हितंच ठिवलं, कोनाड्याच्या खाली. बाई, तुमच्या कागदावर त्याला लिवता यायचं न्हाई. बारसंच झालं नव्हतं त्याचं.