शेजारच्या खोलीतला सराव

सासरे: ...पावणेसहाला उठतो. दूध तापवतो. सव्वासहाला गॅलरीचं दार उघडतो. मग पोराच्या खोलीत जाऊन त्याच्या वाजवायच्या यंत्रावरची धूळ पुसतो आणि बटण दाबतो. सातला तू हेडफोन चढवून बाहेरच्या खोलीत सरावाला बसतेस आणि मी तिकडे खुर्चीत. यात चोरी कसली, सूनबाई?

सून: चोरी नाही म्हणत, बाबा. पण मी इकडे वाजवते ते तिकडे ऐकू येतं?

सासरे: आठ महिने येतंय.

सून: आणि मला पत्ता नाही.

सासरे: तुझ्या कानात पियानो असेल. तिकडे त्याने बनवलेला तो आवाज येतो, ओल्या काचेचा.

सून: पेल्याच्या कडेवर बोट फिरवून आम्ही दोघांनी अख्खी दुपार रेकॉर्ड केला होता. पेला आहे का हो अजून?

सासरे: आहे. मी त्यात कवळी ठेवतो.

सून: बाबा.

सासरे: त्याला चाललं असतं. पहिल्या दिवशी पुसता पुसता बटण दाबलं गेलं. जरा वेळाने खोलीत ऊन सरकत यावं तसा सूर आला. तू बोट उचललंस तरी तो जाईना. पडद्यापाशी रेंगाळत राहिला.

सून: घाबरला नाहीत?

सासरे: क्षणभर. मग तिसऱ्या ओळीत सूर अडखळला. तिथे तू रोज अडखळतेस.

सून: म्हणून कालच्या तालमीत घोळ झाला तर. माझ्या कीबोर्डच्या मागची ही बिनतारी डबी मी वाजवते ते दुसऱ्या यंत्राला पाठवते, पण ती फक्त त्याच्या यंत्रावरच्या डबीला ओळखते. नव्या वादकाचं यंत्र समोर होतं, माझे सूर त्यातून निघायला हवे होते, पण हिचा दिवा नुसता लुकलुकत राहिला.

सासरे: मग वायर टाका.

सून: त्या वादकाच्या आणि माझ्या मधे चौदा मुली नाचणार आहेत. पायांत येईल. कार्यक्रम आज चारला आहे, बाबा. तो गेल्यानंतरचा माझा पहिला. हिला जुनी जोडी विसरायला लावायला हवी.

सासरे: म्हणजे ती खोली गप्प होणार.

सून: कार्यक्रमानंतर पुन्हा जोडून देईन.

सासरे: आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तोडशील.

सून: मग राहू दे. मी माझ्या कीबोर्डच्याच आवाजावर वाजवते.

सासरे: चांगलं होईल?

सून: निभेल.

सासरे: आठ महिन्यांनी स्टेजवर जायचं ते निभवायला? कुठे आहे ते बटण?

सून: या भोकाच्या आत. टाचणीने दाबून पाच सेकंद धरायचं. काल मला जमलंच नाही. का कुणास ठाऊक.

सासरे: चाळीस वर्षं घड्याळं उघडली मी. ते भिंग दे, आणि डब्यातली बारीक सुई. हं. मोज.

सून: एक. दोन. तीन. बाबा, थांबू या का?

सासरे: मोज तू.

सून: चार. पाच. दिवा गेला.

सासरे: घे. उद्या सातला कानावरचं काढून वाजव. मी खुर्ची इकडे आणतो.